रोमन सैन्य व दैनंदिन जीवन : बालशिक्षणातील विषय

प्राचीन रोममधील घर, शाळा, बाजार आणि लष्करी छावणी यांची ओळख मुलांना करून देणे हा युरोपातील प्राथमिक शिक्षणाचा रुळलेला भाग आहे. ज्या प्रदेशांत रोमन ठाण्यांचे अवशेष आजही जमिनीतून निघतात तेथे तर तो घरचाच विषय ठरतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ७ ते ११ वर्षे वयोगटासाठी ‘रोमन साम्राज्य आणि ब्रिटनवरील त्याचा परिणाम’ हा घटक नेमलेला आहे. नेदरलँड्सने आपल्या इतिहासाची जी पन्नास प्रकरणे शाळांसाठी ठरवली, त्यांतही ऱ्हाइनकाठची रोमन सरहद्द आहे. भारतात हा विषय उशिरा भेटतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात रोमवर एक प्रकरण आहे.

पाठ्यपुस्तके बहुधा ‘रोमन लोक कसे राहत’ आणि ‘रोमन सैन्य’ असे दोन वेगळे धडे देतात. शिकवायला ही वाटणी सोयीची असली तरी वस्तुस्थितीला धरून नाही. साहाय्यक दलातला, म्हणजे रोमन नागरिक नसलेल्यांच्या पलटणीतला, शिपाई पंचवीस वर्षे नोकरी करी आणि ती पुरी झाल्यावर त्याला रोमन नागरिकत्व मिळे. म्हणजे त्याची सगळी उमेद ठाण्यातच सरायची. तिथेच तो दळी, रांधी, पत्रे लिही, उधारी करी, आजारी पडे. मुलांना सैन्य समजते ते लढायांच्या सनावळीतून नव्हे, या घरगुती बाजूने.

याचा सर्वांत चांगला पुरावा उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा येथे सापडला. हे ठाणे नॉर्थंबरलँड परगण्यात, हेड्रियन या रोमन सम्राटाने बांधवलेल्या सरहद्दीच्या भिंतीच्या किंचित दक्षिणेस आहे. भिंतीचे काम इ. स. १२२ मध्ये सुरू झाले, ठाणे त्याहून जुने. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना तेथील ओलसर, हवाबंद थरांत लाकडाचे पातळ पापुद्रे मिळाले. आकाराने साधारण पोस्टकार्डाएवढे, आणि त्यांवर काजळीच्या शाईने लिहिलेले. अशा शेकडो लेखनपट्ट्या पुढे निघाल्या. बहुतेक इ. स. १०० च्या मागेपुढे लिहिलेल्या आहेत.

त्यांतली एक हजेरी वर्गात हमखास रंगते. टुंग्रियन या आजच्या बेल्जियमकडच्या लोकांच्या पहिल्या पलटणीची ही १८ मे रोजीची मोजदाद आहे. पटावर ७५२ माणसे, पैकी ४५६ बाहेरगावी : ३३७ जण कोरिया नावाच्या जवळच्या ठाण्यावर, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजला, ४६ जण प्रांताधिपतीच्या रक्षकदलात, बाकीचे इकडेतिकडे. ठाण्यात उरले २९६. त्यांतले १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांना डोळ्यांचा त्रास. कामाला उभे राहू शकणारे २६५. मुले वजाबाकी करून पाहतात आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा हिशेब बरोबर निघतो. रोमन सेना म्हणजे चकाकती चिलखते घालून ओळीत उभी असलेली फौज, हे चित्र या एका पट्टीने पुसले जाते. डोळे आलेले दहा शिपाई त्या चित्रात कधीच नसतात.

दुसऱ्या एका पत्रात कुणीतरी कुणालातरी पायमोजे, दोन जोड वहाणा आणि दोन आतल्या चड्ड्या पाठवल्याचे कळवले आहे. मास्क्लुस नावाचा एक अधिकारी पुढचे हुकूम मागतो आणि शेवटी लिहितो की माझ्या सोबत्यांकडची बिअर संपली आहे, पाठवण्याची व्यवस्था व्हावी. क्लॉडिया सेव्हेरा ही एका अधिकाऱ्याची पत्नी. तिने सुल्पिकिया लेपिडिना या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण धाडले. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या मायेच्या ओळी तिने स्वतः खरडल्या आहेत. स्त्रीच्या हातचे इतके जुने लॅटिन लेखन क्वचितच उरले आहे.

लेपिडिनाचा नवरा फ्लाव्हियुस केरिआलिस हा बटेव्हियन, म्हणजे ऱ्हाइनच्या मुखाकडच्या लोकांच्या, पलटणीचा प्रमुख. त्याच्या वाड्यात मिळालेल्या एका पट्टीवर रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या नवव्या सर्गातील एक ओळ गिरवलेली आहे. अक्षर सराव करणाऱ्याचे दिसते. तिच्यापुढे दुसऱ्याच कुणीतरी काही अक्षरे लिहिली आहेत आणि अभ्यासक त्यांचा अर्थ ‘ढिलाई’ असा लावतात. साम्राज्याच्या पार टोकाला, पावसाळी सरहद्दीवर, बहुधा साहेबांच्या मुलाची शिकवणी चालली होती आणि मास्तर खूश नव्हते.

पादत्राणे हा विंडोलांडाचा आणखी एक ठेवा. ओल्या मातीमुळे चामड्याचे हजारो जोडे टिकले आणि त्यांत लहान मुलांचे, अगदी तान्ह्या बाळाचेही आहेत. सेप्टिमियुस सेव्हेरुस या इ. स. २०० च्या सुमाराच्या सम्राटाच्या काळापर्यंत चाकरीतल्या शिपायाला कायदेशीर लग्नाची मुभा नव्हती. मग शिपायांच्या बराकींत इवलेसे जोडे आले कुठून? हा प्रश्न मुलांपुढे टाकून शिक्षकाने गप्प बसावे. कायदा एक सांगतो आणि कचऱ्याचा ढीग दुसरेच, हे मुलांना आपसूक उमगते.

जोड्यांवरून कालिगुला या सम्राटाची गोष्टही निघते. सेनापती जर्मानिकुसचा हा मुलगा लहानपणी बापाबरोबर ऱ्हाइनच्या छावणीत असे. शिपाई ‘कालिगा’ नावाच्या, तळाला खिळे ठोकलेल्या वहाणा घालत. त्याला तशाच छोट्या करून घातल्या आणि शिपायांनी त्याचे नाव पाडले ‘कालिगुला’, म्हणजे छोटी वहाण. तो पुढे कसा निघाला ते मोठ्या वर्गांसाठी राखून ठेवलेले बरे.

सैन्याची रचना तक्त्यापेक्षा माणसे उभी करून लवकर समजते. आठ शिपायांचा एक तंबू. चामड्याचा तो तंबू वाहायला एक खेचर आणि दळायला एक जाते. शिधा म्हणून मुख्यतः धान्य मिळे. दळण आणि स्वयंपाक त्या आठांनीच करायचा, लष्करी खानावळ नसे. असे दहा तंबू मिळून एक ‘सेंचुरी’. नावाचा अर्थ शंभरी, प्रत्यक्षात माणसे ऐंशी. ही विसंगती मुलांच्या कायम लक्षात राहते. चाळीस मुलांच्या वर्गाचे पाच तंबू पडतात, म्हणजे अर्धी सेंचुरी. अशा अनेक सेंचुरींच्या मोठ्या दलाला लीजन म्हणत; पूर्ण लीजनमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसे असत. रोमन मैल हा हजार दुहेरी पावलांचा, साधारण १,४८० मीटर. पावले मोजत तो चालून पाहिला की मुलांना हजाराहून बरीच जास्त पावले लागतात, आणि शिपाई हेच अंतर पाठीवर ओझे घेऊन कापत असे हे सांगावे लागत नाही.

पुठ्ठ्याच्या ढाली करून ‘कासव’ रचणे हा सर्वांत लोकप्रिय खेळ : पुढच्या रांगेच्या ढाली समोर, मागच्यांच्या डोक्यावर. रोमन पायदळाची अशी अर्धगोल ढाल आज एकच शाबूत आहे. ती सीरियातील डुरा-युरोपोस येथे सापडली, अमेरिकेत येल विद्यापीठात आहे आणि तिची उंची सुमारे १०५ सेंटिमीटर आहे. ब्रिटनमध्ये हौशी मंडळीही या कामात आहेत. १९७२ मध्ये स्थापन झालेले अर्मिन स्ट्रीट गार्ड हे पथक पुराव्यावरून शस्त्रे व चिलखते घडवून कवायती दाखवते. जर्मनीत बाड होम्बुर्गजवळचे झालबुर्ग ठाणे १८९७ ते १९०७ या काळात मूळ पायावर पुन्हा बांधले गेले. त्यातला काही भाग त्या काळच्या समजुतींवर उभा आहे, तरी दरवाजातून आत शिरण्याचा अनुभव चित्राला येत नाही.

नागरी जीवनासाठी इटलीतील पॉम्पेईसारखे दुसरे ठिकाण नाही. इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात तेथील एका भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन राहिले. गोल, वरून आठ भाग पाडलेले. शाळा पहाटे भरे आणि मुले मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर टोकदार लेखणीने लिहीत. चुकले की लेखणीच्या चपट्या टोकाने मेण सपाट करायचे. कवी होरेसने आपल्या ऑर्बिलियस गुरुजींचे ‘फटकेबाज’ असे वर्णन केले आहे. उलट पहिल्या शतकातील क्विंटिलियन हा शिक्षणाचार्य छडीच्या विरुद्ध होता आणि अक्षरओळखीसाठी मुलांना हस्तिदंती अक्षरे खेळायला द्यावीत असे सुचवत होता.

हा विषय शिकवताना गुलामगिरी बहुतेकदा बगल देऊन टाळली जाते, आणि ते बरोबर नाही. धनिकाच्या मुलाला शाळेत पोचवणारा, त्याची दप्तरे वाहणारा माणूस गुलाम असे; त्या मुलाच्या वयाची गुलाम मुलेही घराघरांत होती. रोमच्या संग्रहालयात एक लोखंडी गळपट्टा आहे. त्याला लटकवलेल्या बिल्ल्यावर, मी पळून आलो आहे, मला धरा, माझा धनी झोनिनुस याच्याकडे परत नेलेत तर सोन्याचे नाणे मिळेल, अशा आशयाचा मजकूर कोरला आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे समजते. कासवाचा खेळ झाल्यावर हा गळपट्टा दाखवला नाही, तर रोम म्हणजे नुसता वेषभूषेचा कार्यक्रम होतो.

काही गैरसमज वर्गातच दुरुस्त करावे लागतात. ग्लॅडिएटर, म्हणजे आखाड्यात लोकांसमोर झुंजणारे, हे सैनिक नव्हते. संगमरवरी पुतळे मुळात रंगवलेले असत. प्रत्येक रोमन माणूस दिवसभर टोगा हे लांबलचक लोकरी वस्त्र गुंडाळून हिंडत नसे. इटलीच्या बऱ्याच भागांत माणूस मेल्यावरच टोगा नेसतो, असे विडंबनकार युव्हेनालने लिहून ठेवले आहे.

मराठी वर्गात हा विषय शिकवायचा तर परक्या भूमीपासून सुरुवात करण्याची गरज नाही. रोमन साम्राज्याचा भारताशी समुद्रमार्गे व्यापार चाले; त्याची माहिती देणाऱ्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तगर म्हणजे तेर, आणि सोपारा, कल्याण यांची नावे आहेत. पैठण व तेरचा माल गाड्यांनी भडोचला जाई. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती निघाली आणि ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत घडवलेली, दोऱ्यात ओवता येतील अशी पदके तेरला मिळाली आहेत. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या राखेतून एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यात तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडल्या.