कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सची पदवी: अभ्यासक्रम कसा निवडावा, पात्रता आणि कागदपत्रे

कॉम्प्युटर फॉरेन्सिक्स म्हणजे संगणक, मोबाइल यांतला डिजिटल पुरावा न्यायालयात टिकेल अशा रीतीने शोधणं आणि तपासणं. पदवीच्या नावावर जाऊ नका. हाच विषय कुठे संगणकशास्त्र विभाग शिकवतो, कुठे न्यायवैद्यक विभाग, तर कुठे तो सायबर सुरक्षेच्या पदवीत दोन-तीन पेपरांपुरताच असतो. अर्ज भरण्याआधी सत्रवार अभ्यासक्रम मिळवा आणि ओळ न् ओळ वाचा.

ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग आणि फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल साठवण्याची व्यवस्था) हे विषय सुरुवातीच्या सत्रांतच हवेत. पुसलेली फाइल परत का मिळते आणि ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा मोकळी करायला डिस्कला सांगणारी सोय) चालू असलेल्या एसएसडीवर ती बहुधा का मिळत नाही, हे या पायाशिवाय कळत नाही. त्यापुढे राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काहीही लिहू न देणारं साधन) लावून डिस्कची हुबेहूब प्रत घेणं, मूळ डिस्क आणि प्रत यांचा एसएचए-२५६ हॅश (डेटावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा ओळख-आकडा) जुळवणं, मेमरीचं आणि मोबाइलचं विश्लेषण या गोष्टी प्रात्यक्षिकात आहेत का, ते पाहा. नुसत्या व्याख्यानांतून हे हाताला येत नाही. म्हणून प्रयोगशाळेचे तास किती आणि एका यंत्रावर किती विद्यार्थी बसतात, हे विभागाला सरळ विचारा. ऑटोप्सी हे डिस्क तपासण्याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. सरावासाठी दिलेली एखादी डिस्क प्रतिमा (डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल) त्यात उघडून बघा. हे किचकट, संथ काम आपल्याला आवडतं का, ते प्रवेशाआधीच कळेल.

कायद्याचा पेपर नसेल तर तो अभ्यासक्रम मी निवडणार नाही. पुरावा कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद तुटली, तर उत्तम विश्लेषणावरही न्यायालयात शंका घेतली जाते. डिजिटल पुरावा ओळखणं, गोळा करणं आणि जपणं यासाठी २०१२ पासून आयएसओ/आयईसी २७०३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख असेल तर ती चांगली खूण.

मान्यता संस्थेची आणि या अभ्यासक्रमाची, अशी दोन्ही तपासा, तीही मान्यता देणाऱ्या यंत्रणेच्याच यादीत.

पात्रता: उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण. संगणक विभागात बहुधा गणित लागतं, न्यायवैद्यक विभागात विज्ञान शाखा. पुढे तपास यंत्रणेत नोकरी करायची असेल तर चारित्र्य पडताळणी होते. पुढे न्यायालयात साक्ष द्यावी लागली, तर साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवरही उलटतपासणी होऊ शकते.

कागदपत्रं नेहमीचीच: गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, ओळखपत्र, छायाचित्र आणि असल्यास प्रवेश परीक्षेचा निकाल. परदेशी अर्जासाठी शिफारसपत्रं आणि भाषा चाचणीचा निकालही लागतो. टोफेलचे गुण २ वर्षंच ग्राह्य असतात, तेव्हा परीक्षेची तारीख त्या हिशेबाने ठरवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. फरक असेल तर दुरुस्ती आधी करून घ्या, तिला वेळ लागतो.

उद्देशपत्र मागितलं असेल तर ‘मला तंत्रज्ञानाची आवड आहे’ एवढ्यावर थांबू नका. ऑटोप्सीत काय सापडलं, कुठे अडलात, ते लिहा. अर्ज पाठवल्यावर अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती जपून ठेवा. पडताळणीच्या दिवशी मूळ कागदपत्रांसोबत ती लागते.