लोअरिंग स्प्रिंग की जाड स्वे बार? रोल दोन्हींनी कमी होतो, पण काम वेगळं आहे

इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवा मॅप टाकून झाला, पॉवर वाढली, गाडी सरळ रस्त्यावर मस्त सुटते, पण वळण आलं की बॉडी बाहेर झुकते आणि नाक वळणातून बाहेर पळायला बघतं. बजेट कमी असलं की इथे दोनच नावं कानावर येतात, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी, जास्त कडक स्प्रिंग) आणि जाड स्वे बार. दोन्हींनी रोल, म्हणजे हे बाहेर झुकणं, कमी होतो, त्यामुळे काहीही लावलं तरी सारखंच असं बरेच जण धरून चालतात. सारखं अजिबात नाहीये.

स्वे बार, म्हणजे अँटी-रोल बार, हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, फक्त पिळली जाणारी. एकाच अ‍ॅक्सलची डावी-उजवी चाकं जोडणारी स्टीलची दांडी. दोन्ही चाकं एकदम वर गेली की ती बुशमध्ये (तिला धरणाऱ्या रबरी पकडीत) नुसती फिरते, काहीच करत नाही. एक चाक वर, एक खाली झालं की तिला पीळ बसतो आणि मग ती विरोध करते. म्हणून ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं किंवा पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागचा भाग बसणं, यावर बार काडीचाही उपयोगाचा नाही. कॉइल स्प्रिंगचं तसं नाही, ती प्रत्येक चाकाची स्वतंत्र असते आणि झुकणं, दबणं, खड्डा सगळ्यातच काम करते. म्हणूनच कडक स्प्रिंगचा त्रास रोज जाणवतो, तर जाड बारचा मुख्यतः एकच चाक खड्ड्यात गेलं की.

आता मुद्दा जिथे खरा गोंधळ होतो. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं आणि एकूण किती जाणार हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि तुम्ही किती जोरात वळताय यावर ठरतं, रोल कमी केला म्हणून ते जायचं जवळजवळ थांबतच नाही. बार फक्त एवढंच ठरवतो की त्यातला जास्त वाटा पुढच्या जोडीने उचलायचा की मागच्या. आणि टायरची गंमत अशी की एकावर खूप भार, दुसऱ्यावर कमी अशी जोडी मिळून जेवढी ग्रिप देते ती समान भार असलेल्या जोडीपेक्षा कमीच असते. म्हणजे मागचा बार जाड केला की मागची ग्रिप थोडी जाते, पुढची थोडी वाढते, अंडरस्टिअर, म्हणजे नाकाचं बाहेर पळणं, कमी होतं. सुबारू डब्ल्यूआरएक्सचं इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकतं, म्हणून त्या गाडीत मागचा बार हा लोकप्रिय पहिला अपग्रेड आहे. पुढून ओढणाऱ्या बहुतेक नाकजड सेडानलाही हेच लागू. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र जपून, वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं झालं की वाढवलेली पॉवर तिथेच फिरून वाया जाते.

जाडीचा आकडा फसवा असतो. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे बाकी आकार तोच ठेवून 20 मिमीचा 22 मिमी केला तर जवळपास 46 टक्के जास्त कडक. पोकळ बार असेल तर नुसत्या जाडीवरून तुलना करू नका.

लोअरिंग स्प्रिंग दिसायला भारी, मान्य. गुरुत्वमध्य खाली येतो हा खरा फायदा. पण मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) गाडीत जास्त खाली केलं की चाक धरणारे खालचे आर्म चाकाच्या बाजूला वर चढतात आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातं, म्हणजे बॉडीला झुकवणारी तरफ उलट लांब होते, त्यामुळे स्प्रिंग कडक करूनही अपेक्षेएवढा फायदा मिळत नाही. शिवाय शॉकअपचा प्रवास कमी उरतो, मध्येच बंप स्टॉप (प्रवासाच्या शेवटचं रबर) लागतो आणि त्या क्षणी तो कोपरा एकदम कडक होऊन ग्रिप तुटते. जुने कंपनीचे शॉकअप कडक स्प्रिंगचा परतीचा झटका आवरू शकत नाहीत, गाडी उड्या मारत राहते. म्हणून नुसत्या स्प्रिंग स्वस्त वाटतात तेवढ्या स्वस्त पडत नाहीत, शॉकअप आणि अलाइनमेंटचा खर्च त्यात धराच.

थकलेले बुश, गुळगुळीत टायर असतील तर या दोन्हींच्या आधी ते बदला. त्यानंतर नाक बाहेर पळतंय, बाकी ठीक आहे असं असेल तर मागचा बार घ्या, अ‍ॅडजस्टेबल, म्हणजे जोडायला एकापेक्षा जास्त भोकं असलेला, मिळाला तर उत्तम. सुरुवात टोकाच्या भोकापासून, तिथे बारचा हात सर्वात लांब म्हणून बार सर्वात मऊ. आधी ओल्या रस्त्यावर हळू तपासा, मगच पुढच्या भोकावर जा. ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरला गाडी डुलतेय, लाटांवर तरंगतेय तर तो स्प्रिंग-शॉकअपचा विषय आहे, बारच्या नादी लागू नका. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी तुळई) असेल तर बहुतेकदा बार बदलता येत नाही, बीमला जोडायचा वेगळा बार शोधावा लागतो.

बसवताना एकच सांगतो, बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या दोन्ही लिंक लावताना डावं-उजवं चाक एकाच उंचीवर ठेवा, आणि स्प्रिंगसाठी रबरी बुशचे आर्म बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, हवेत लटकत असताना आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.