द्राक्षबागेतलं शूटिंग आणि विजेची परतीची वाट

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा, गोदाघाटाच्या पायऱ्या, गंगापूर धरणाचा काठ, पावसाळ्यातलं इगतपुरी आणि त्र्यंबक. नाशिकच्या आसपास चित्रीकरणाला जागांची कमी नाही. यांतल्या कुठल्याही जागी युनिट उतरलं की बरोबर जनरेटर गाडी येते आणि तिच्याबरोबर एक वाक्य येतं: "गाडी रबरी टायरवर उभी आहे, करंट लागायचा प्रश्नच नाही." हे वाक्य अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच ते घातक आहे.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके उन्हाच्या भरवशावर चित्रीकरण करत. आज रात्रीच्या प्रसंगासाठी वापरला जाणारा ४ किलोवॉटचा एकच दिवा २३० व्होल्टवर किमान १७ अँपिअर घेतो, आणि असे चार-पाच दिवे ओल्या जमिनीवर लोखंडी स्टँडवर उभे असतात. माणसाला मारायला यातला किती प्रवाह पुरतो? १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर गेले तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसतं थरथरत राहू शकतं. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर २३० मिलिअँपिअर वाहतात. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) हा आकडा दिसतसुद्धा नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे.

आता मुख्य गोष्ट. अर्थिंग म्हणजे वीज जमिनीत जिरवणं, अशी आपली समजूत असते. आकाशातल्या विजेपुरती ती ठीक आहे. जनरेटरमधून निघालेल्या प्रवाहाला मात्र जमिनीशी काही देणंघेणं नसतं. तो ज्या गुंडाळीतून निघाला त्याच गुंडाळीत त्याला परतायचं असतं. जमीन ही त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट आहे, आणि बहुतेक वेळा वाईट वाट आहे.

किती वाईट, ते मोजता येतं. १६ मिलिमीटर जाडीची, ३ मीटर लांबीची सळई पूर्ण ठोकली तर तिचा रोध मातीच्या रोधकतेच्या (माती प्रवाहाला किती अडवते, त्या आकड्याच्या) साधारण एक तृतीयांश येतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता ३० ओहम-मीटर धरली तर सळईचा रोध १० ओहम. नाशिकचा बेसॉल्ट मात्र टणक. तिथे पहारसुद्धा शिरत नाही आणि रोधकता शेकड्यांत, हजारांतही जाते. समजा जनरेटरला एक सळई ठोकली, दिव्याच्या स्टँडला दुसरी, दोन्ही २० ओहमच्या. फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, वायर सोलली आणि स्टँडला टेकली. २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर. एमसीबी ढिम्म हलत नाही. स्टँडवर मातीच्या तुलनेत ११५ व्होल्ट तसेच राहतात आणि शेजारी लाइटमन ओल्या चपलांनी उभा असतो.

आता तोच दोष, पण स्टँडपासून जनरेटरच्या सांगाड्यापर्यंत तांब्याची जाड हिरवी वायर (अर्थची) आहे आणि त्याच सांगाड्याला जनरेटरचा न्यूट्रल, म्हणजे परतीच्या वायरीचं टोक, जोडलेला आहे. अख्ख्या वाटेचा रोध अर्धा ओहमसुद्धा नाही. चारशे-पाचशे अँपिअर वाहतात आणि एमसीबी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास तुटते. माणसाला वाचवलं ते सळईने नव्हे, या हिरव्या वायरने आणि न्यूट्रलच्या त्या एका पट्टीने. सळईही लागतेच, आकाशातल्या विजेसाठी आणि सांगाडा मातीच्या जवळपासच्या व्होल्टेजवर ठेवण्यासाठी.

मग रबरी टायरवाल्यांचं काय? न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसेल आणि सळईही नसेल, तर जनरेटर तरंगता असतो. एका फेजला कुणी हात लावला तरी परतीची वाट नसल्याने फारसा झटका बसत नाही, आणि सगळ्यांचा विश्वास बसतो. पण पहिला दोष कुणाला न कळता तसाच राहतो. ठिबकच्या पाण्यात पडलेल्या जोडातून तीन फेजपैकी लाल फेज मातीला टेकते. सगळे दिवे व्यवस्थित चालू राहतात. तासाभराने दुसऱ्या दिव्याची पिवळी फेज स्टँडला टेकते. आता तो स्टँड आणि माती यांच्यात दोन फेजमधला, म्हणजे ४०० व्होल्टपर्यंत दाब आहे.

इथे आरसीसीबीचा, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचा, भरवसा सांगितला जातो. तिच्या पोटात लोखंडी कडं असतं आणि सर्व फेज व न्यूट्रल त्यातून जातात. गेला तितका प्रवाह परत आला तर चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतात; ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती ०.३ सेकंदाच्या आत तुटते. पण तरंगत्या जनरेटरवर मुख्य बॉक्सात एकच सामाईक आरसीसीबी असेल, तर लाल फेजमधून गेलेला प्रवाह माणसातून होऊन पिवळ्या फेजने परततो, दोन्ही वायरी त्याच कड्यातून जातात, बेरीज शून्य. तिला काहीच कळत नाही. प्रत्येक दिव्याच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी असती तर ती तुटली असती.

तिच्यावरचं 'टी' बटण दाबलं, खटका पडला, म्हणजे सगळं ठीक, ही दुसरी फसगत. ते बटण आतल्या छोट्या रोधातून एक फेज कड्याला वळसा घालून न्यूट्रलला जोडतं. अर्थिंग अजिबात नसलं तरी खटका पडतो. बटण आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, तुमची हिरवी वायर नाही. तिच्यासाठी आरसीसीबी टेस्टर लागतो. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून पाहण्याची जुनी पद्धत वापरू नका. हिरवी वायर मध्येच तुटलेली असेल तर बल्बातून सगळे स्टँड जिवंत होतात.

आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती वगळून थेट जोडणी करणं हा सेटवरचा सर्वांत वाईट जुगाड. ती का पडते? इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट आणि एलईडी ड्रायव्हर (दोन्ही दिव्याचा प्रवाह आवरणारी उपकरणं) यांच्यामधल्या फिल्टरमधून दर दिव्यामागे काही मिलिअँपिअर कायम अर्थमध्ये जातात. साडेतीन धरले तर पाच दिव्यांचे साडेसतरा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते, आणि ते नियमाला धरूनच आहे. उपाय एकच: लाइन वाटून द्या, आणि बॅलास्टसाठी 'ए' प्रकारची आरसीसीबी घ्या. साध्या 'एसी' प्रकारचीला या उपकरणांचा एकाच दिशेने ठोके देणारा प्रवाह नीट ओळखता येत नाही. "एलईडी आहे, शॉक लागत नाही" ही जाहिरातबाजी आहे. त्याच्या ड्रायव्हरला २३० व्होल्टच जातात. दिव्याच्या डोक्याला जलरोधक दर्जा असला तरी तो जमिनीवरच्या प्लगला लागू होत नाही.

द्राक्षबागेत आणखी एक गोष्ट आहे. मांडवाची गॅल्व्हनाइज्ड तार ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असते. एका अँगलला क्लॅम्प करून दिवा अडकवला आणि दोष आला, तर शंभर मीटरवर घड हातात धरून उभ्या नायिकेला झटका बसू शकतो. दिवे आणि स्टँड तारांपासून अडीच मीटर लांब ठेवा. केबल तारेवरून नेऊ नका. बागेवरून जाणारी ११ केव्हीची लाइन दिवसाउजेडी पाहून ठेवा. क्रेन कलंडली तरी तिचं टोक लाइनपर्यंत पोचणार नाही, अशीच जागा निवडा.

सकाळी इंजिन बंद असताना, मुख्य स्विच पाडून ठेवून, मल्टीमीटर न्यूट्रल आणि सांगाडा यांच्यात लावा: एक ओहमच्या आत हवं. जोडणी फक्त जनरेटरवरच हवी. पुढच्या डीबीत (वीज वाटून देणाऱ्या बॉक्सात) पुन्हा न्यूट्रल-अर्थ जोडले तर परतीचा प्रवाह हिरव्या वायरीतही वाटला जातो आणि आरसीसीबी पडत राहते. मग प्रत्येक स्टँडपासून सांगाड्यापर्यंत मोजा, तिथेही एक ओहमच्या आत. थ्री फेजला पाच कोरची (आत पाच वायरींची) केबल, सिंगलला तीन. दोन कोरची केबल आणि सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काडीने अडकवलेल्या उघड्या वायरी दिसल्या तर काम थांबवा. सळया दोन-तीन ठोका, एकमेकींपासून किमान एका सळईच्या लांबीइतक्या दूर. कातळ असेल तर ओल्या मातीपर्यंत वायर न्या. रिळावर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडा, नाहीतर आतली वेटोळी तापून इन्सुलेशन वितळतं.

मुहूर्ताला नारळ जरूर फोडा. पण एखाद्या जागी दोनदा शॉक बसला म्हणून "जागा वाईट आहे" म्हणत जनरेटरवर लिंबू-मिरची बांधू नका. तिथली न्यूट्रलची पट्टी उघडून पाहा. नट सैल असतो, नाहीतर गंज चढलेला असतो.

कुणी चिकटलाच तर त्याला हात लावायचा नाही, आधी मुख्य स्विच पाडायचा. तो श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन आणि लगेच छातीवर दाब: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. त्या मुख्य स्विचपाशी एक माणूस पॅकअपपर्यंत बसून हवा, वॉकीटॉकीसह. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या जागी दुसरा.