कार्बन क्रेडिट घेतल्याने उत्सर्जन पुसले जात नाही

एका ठिकाणी सोडलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडची भरपाई दुसरीकडे एक टन वाचवणाऱ्या प्रकल्पाचे क्रेडिट विकत घेऊन पूर्ण होते, हा समज उत्सर्जन घटवण्यासाठीच्या १९९७ च्या आंतरराष्ट्रीय क्योटो करारापासून रूढ आहे. कागदावर हिशेब जुळतो खरा. पण त्याची एक बाजू मोजलेली असते आणि दुसरी कल्पिलेली. प्रकल्प नसता तर किती उत्सर्जन झाले असते हे मोजता येत नाही, आणि तो अंदाज जितका फुगवावा तितकी क्रेडिट अधिक मिळत असल्याने तो कमी धरण्यात विकणाऱ्याला रस नसतो, त्याच्याकडूनच शुल्क घेणाऱ्या पडताळणी संस्थेलाही फारसा नसतो.

एचएफसी-२३ या अतिशय तीव्र हरितगृह वायूचे उदाहरण बोलके आहे. शीतकरणासाठीच्या वायूचे उत्पादन करताना निघणारा हा उपपदार्थ नष्ट करण्याचा खर्च किरकोळ, पण त्यावर मिळणारी क्रेडिट इतकी मौल्यवान होती की तो अधिक निर्माण करण्याचाच मोह उत्पन्न झाला. अखेर युरोपीय संघाने २०१३ मध्ये ही क्रेडिट आपल्या बाजारातून बाद केली. युरोपीय आयोगासाठी २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात तर क्योटो कराराच्या क्रेडिट यंत्रणेतील ८५ टक्के प्रकल्पांची कपात खरोखर अतिरिक्त (म्हणजे क्रेडिटशिवाय झालीच नसती अशी) आणि न फुगवलेली असण्याची शक्यता कमी असल्याचे आढळले.

सगळेच प्रकल्प बनावट आहेत, असा याचा अर्थ नाही. मात्र वनप्रकल्प प्रामाणिक असला तरी तेथे थांबलेली तोड शेजारच्या जंगलात सरकू शकते, आणि जाळलेल्या कोळशाच्या कार्बनचा काही भाग हजारो वर्षे वातावरणात राहतो, तर झाडांतला कार्बन एका वणव्यात परत हवेत जातो.