हिक्स, क्लॅरेन्स जॉन

हिक्स, क्लॅरेन्स जॉन : (१८६३–१९४४). अमेरिकेतील औद्योगिक संबंध या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. कोळसा, पोलाद व तेल या उद्योगांत कंपनीच्या अध्यक्षाला थेट जबाबदार असा कामगारविषयक वरिष्ठ अधिकारी नेमण्याची प्रथा रुजली, त्यात त्यांचा वाटा मोठा मानतात. स्वतंत्र युनियनऐवजी कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींशी कंपनीने चर्चा करण्याची कामगार प्रतिनिधित्व योजना, अर्थात टीकाकारांच्या भाषेत ‘कंपनी युनियन’, या व्यवस्थेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

शिक्षण विस्कॉन्सिन विद्यापीठात. त्यानंतरची सुमारे दोन दशके वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेच्या सेवेत, त्यांतील बराच काळ तिच्या रेल्वे विभागात गेली. घरापासून दूर रात्र काढणाऱ्या गाडीवरच्या नोकरांसाठी ही संस्था निवास, न्हाणीघरे व वाचनालये चालवी. आपल्याकडील रनिंग रूमपेक्षा त्यांचा व्याप मोठा असे. खर्चाचा बराच भार रेल्वे कंपन्या उचलत, कारभार मात्र कंपनीचा नोकर नसलेल्या सचिवाकडे राही. मालकाचा पैसा आणि कामगाराचा विश्वास दोन्ही सांभाळण्याची ही कसरत हिक्स यांच्या पुढील कामाचा पाया ठरली, असे दिसते. १९११च्या सुमारास ते शेतीयंत्रे बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीत कामगार कल्याणाच्या कामावर रुजू झाले.

त्यांच्या कारकिर्दीला वळण मिळाले ते कोलोरॅडोत. तेथील कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचा सुमारे ४० टक्के हिस्सा होता. सप्टेंबर १९१३मध्ये खाणकामगारांनी संप पुकारला. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेली कुटुंबे तंबूंत राहू लागली. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील तंबूवस्तीवर राज्याच्या सैन्याने गोळीबार केला व वस्तीला आग लागली. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. डिसेंबर १९१४मध्ये संप संपला; युनियनला मान्यता मिळाली नाही.

या घटनेनंतर कंपनीत आलेल्या कामगार प्रतिनिधित्व योजनेचे, म्हणजे ‘रॉकफेलर योजने’चे, जनकत्व वादग्रस्त आहे. ऑगस्ट १९१४मध्ये मॅकेन्झी किंग (पुढे कॅनडाचे पंतप्रधान) यांनी धाकट्या जॉन डी. रॉकफेलरना लिहिलेल्या पत्रात मालक व कामगारांच्या संयुक्त मंडळांची कल्पना आढळते, त्यामुळे आराखड्याचे श्रेय बहुधा त्यांनाच दिले जाते. दुसऱ्या मतानुसार ही कल्पना नवी नव्हती. बोस्टनच्या फाइलीन दुकानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, तर फोर्ट वेनच्या पॅकार्ड पियानो कारखान्यात १९१३च्या आसपास कामगारांच्या प्रतिनिधिमंडळांचे प्रयोग झाले होते. ते मात्र एका छपराखालचे, लहान आस्थापनांतले होते. डोंगराळ भागात विखुरलेल्या खाणींना तो नमुना जसाच्या तसा लागू पडणे कठीण. रॉकफेलरांचे प्रसिद्धितज्ज्ञ आयव्ही ली यांच्यामुळे सारी योजना म्हणजे प्रसिद्धीचाच खटाटोप, असेही म्हटले गेले. आराखडा किंग यांचा आणि तो चालता करणे हिक्स यांचे, ही विभागणी त्यातल्या त्यात पटण्याजोगी वाटते. हिक्स १९१५मध्ये कोलोरॅडो कंपनीचे अध्यक्ष वेलबॉर्न यांचे कार्यकारी साहाय्यक झाले. त्याच वर्षी खाणकामगारांनी योजना २,४०४ विरुद्ध ४४२ मतांनी मान्य केली. पुढल्या वर्षी ती कंपनीच्या प्वेब्लो येथील पोलाद कारखान्यातही आली.

दर १५० कामगारांमागे साधारण एक प्रतिनिधी, दरवर्षी गुप्त मतदान आणि प्रत्येक विभागात चार संयुक्त समित्या (सलोखा, सुरक्षितता, आरोग्य व घरे, शिक्षण व करमणूक) अशी रचना होती. फोरमनच्या निर्णयाविरुद्ध टप्प्याटप्प्याने अध्यक्षापर्यंत व त्यानंतर लवादाकडे दाद मागता येई. युनियनचा सभासद असल्याबद्दल भेदभाव होणार नाही असे वचन होते, पण युनियनशी करार करण्याचे नव्हते. रसेल सेज फाउंडेशनच्या पाहणीत (१९२४) राहणीमान सुधारल्याचे, मात्र मजुरीच्या बाबतीत प्रतिनिधींना फारसा आवाज नसल्याचे नोंदवले गेले. १९१९च्या देशव्यापी पोलाद संपात प्वेब्लोचे कामगार योजना असूनही उतरले, ही गोष्ट योजनेच्या पुरस्कर्त्यांना अडचणीची ठरते.

तोपर्यंत हिक्स स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) कंपनीत गेले होते. बेयॉन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात १९१५ व १९१६ साली रक्तपाती संप झाले होते. वॉल्टर टीगल यांच्या अध्यक्षतेखाली १९१८मध्ये तेथे प्रतिनिधित्व योजना, आजारपण व अपघाताचे लाभ, विमा आणि निवृत्तिवेतन एकत्र लागू झाले. कामगार नेमण्याचा आणि तडकाफडकी काढण्याचा फोरमनचा मनमानी अधिकार गेला. कोणत्या अपराधासाठी कामावरून काढता येईल याची यादी लेखी झाली. योजनेच्या कलमांपेक्षा हा बदल अधिक टिकाऊ म्हणावा लागेल. हिक्स यांना टीगल यांच्याकडे थेट प्रवेश होता, आणि अध्यक्ष पाठीशी असेपर्यंतच असा अधिकारी कारखान्याच्या व्यवस्थापकाला बधत नाही. हिक्स यांच्या यशाचे मूल्यमापन करताना ही मर्यादा पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

भारतात याच्याशी समांतर घडामोड दिसते. जॉबर किंवा मुकादमाच्या हातची भरती काढून घेण्यासाठी रॉयल लेबर कमिशनने (१९२९–३१) कारखान्यांत लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. पुढे १९४८च्या कारखाने अधिनियमाने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. ब्रिटनमधील मालक-कामगारांच्या संयुक्त मंडळांना ज्यांचे नाव मिळाले ते जे. एच. व्हिटलीच रॉयल कमिशनचे अध्यक्ष असल्याने, १९४७च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील कार्यसमित्यांचा वारसा रॉकफेलर योजनेपेक्षा त्या व्हिटली मंडळांकडे नेणे अधिक सयुक्तिक.

कामगारविषयक धोरणांवर विचारविनिमय करण्यासाठी १९१९मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेशल कॉन्फरन्स कमिटी’चे हिक्स अध्यक्ष होते. बेथलेहेम स्टील, ड्यू पाँट, जनरल इलेक्ट्रिक, जनरल मोटर्स अशा बड्या कंपन्या तीत होत्या. तिचे काम बंद दारांआड चाले. कामगारांच्या हक्कांच्या पायमल्लीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या ला फॉलेट समितीने पुढे तिची कागदपत्रे उजेडात आणली. याउलट त्यांचे शैक्षणिक काम खुले होते. १९२२ साली प्रिन्स्टन विद्यापीठात रॉकफेलरांच्या पैशातून औद्योगिक संबंध विभाग उभा राहिला, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. १९३३मध्ये निवृत्त झाल्यावर मिशिगन, स्टॅनफर्ड, एम.आय.टी., कॅलटेक व कॅनडातील क्वीन्स येथेही असे विभाग निघावेत म्हणून त्यांनी खटपट केली.

१९३५च्या वॅग्नर कायद्याने मालकाच्या वर्चस्वाखालील कामगार संघटना बेकायदा ठरवल्या. हिक्स यांनी आपल्या आत्मचरित्रात (१९४१) तरीही प्रतिनिधित्व योजनांचे समर्थनच केले आहे. कोलोरॅडोच्या खाणींतील योजना १९३३मध्येच संपली होती. प्वेब्लोच्या पोलाद कारखान्यातील अवशेष न्यायालयीन लढ्यानंतर १९४२मध्ये मिटले.