वायपिओच्या दरीचा तळ खरा तळ नाहीच

हवाईच्या बिग आयलंडवर उत्तरेकडे वायपिओ नावाची दरी आहे. कड्यावरून काढलेला फोटो बघितला की आधी नजर जाते ती खालच्या सपाटीवर. अळूची खाचरं, त्यातून वळणं घेत जाणारी नदी, तोंडाशी काळ्या वाळूचा किनारा आणि बाजूला पार 600 मीटरपर्यंत उंच सरळसोट हिरव्या भिंती. आता नदीने कोरलेली दरी खाली निमुळती होत जायला हवी ना, मग हिला एवढा रुंद तळ आला कुठून?

तर तो खरा तळ नाहीच. ही दरी कोहाला ज्वालामुखीच्या अंगात कोरलेली आहे, तो बेटावरच्या पाचांतला सगळ्यात म्हातारा, शेवटचा उद्रेक साधारण 1,20,000 वर्षांपूर्वीचा. आणि अख्खं बेट स्वतःच्याच वजनाने खचतंय, वर्षाला 2-3 मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं पण लाख वर्षांचा हिशोब केला तर 200 मीटरच्या वर जातो! त्यात हिमयुग संपल्यावर समुद्रपण चढला, मग तोंडापाशी नदीला उतारच उरला नाही, तिने आणलेले गोटे आणि गाळ तिथेच बसत गेले आणि जुनी अरुंद घळ त्याखाली गाडली गेली. या सपाटीची किंमतही मोजावी लागली, 1 एप्रिल 1946 ला अल्यूशियन बेटांजवळच्या भूकंपाची त्सुनामी सरळ आत घुसली आणि त्यानंतर बहुतेक लोक दरी सोडून गेले.

पाणी आणतात ईशान्येचे व्यापारी वारे. कोहालाच्या वाऱ्याकडच्या माथ्यावर वर्षाला 3,000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, आणि डोंगराच्या पलीकडे कावाइहाएला 250 सुद्धा नाही.

पण मला यापेक्षा भारी वाटते ती डोंगराच्या आतली रचना. ज्वालामुखी जिवंत असताना लाव्हारस उभ्या भेगांमध्ये शिरून तिथेच थिजला, त्याच्या दगडी भिंती झाल्या, भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. आजूबाजूचा खडक सच्छिद्र, डाइक मात्र घट्ट, त्यामुळे मुरलेलं पाणी दोन डाइकच्या मध्ये टाकीत भरावं तसं उंचावर अडकून राहतं. दरी खोल जाताना या टाक्या कापल्या गेल्या आणि कड्यातूनच झरे फुटले, म्हणून पाऊस थांबला तरी ओढे वाहते राहतात. इथला हिइलावे धबधबा तर 400 मीटरहून उंच आहे.

आणि हवाईच्या अशा ओढ्यांमधले ओओपू मासे! बोटाएवढे. अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर समुद्रात वाहून जातात, काही महिने तिथे वाढतात, मग परत नदीत शिरतात आणि पोटाखालचे पर जुळून झालेल्या चकतीने ओल्या खडकाला चिकटत चिकटत धबधबा चढतात. याच बेटावर हिलोच्या उत्तरेला आकाका धबधबा आहे, जवळपास 135 मीटरचा, त्याच्या वरच्या पाण्यातसुद्धा ओओपू आलामोओ सापडतात. चढायला लागतात तेव्हा ते जेमतेम 2 सेंटिमीटरचे असतात.