टोपी घातलेलं अस्वल आणि अमेरिकेतले वणवे

अमेरिकेत जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रेंजरची टोपी आणि निळी जीन्स घातलेलं एक अस्वल फलकावर उभं असतं. आज आगीचा धोका किती, हे त्या फलकावर लिहिलेलं असतं. हा स्मोकी बेअर. दिसायला बालवाडीच्या भिंतीवरचा वाटला, तरी त्याचा जन्म महायुद्धाच्या धास्तीतून झाला.

फेब्रुवारी १९४२ मध्ये एका जपानी पाणबुडीनं कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या एलवूड तेलक्षेत्रावर तोफगोळे डागले. नुकसान किरकोळच झालं, पण लॉस पाद्रेसचं जंगल तिथून फार लांब नव्हतं. उद्या गोळे जंगलात पडले तर? आग विझवणारे तरणेताठे गडी आघाडीवर गेलेले. निदान माणसाच्या हातून लागणारी आग तरी थांबवावी, म्हणून अमेरिकेच्या सरकारी वनसेवेनं (फॉरेस्ट सर्व्हिस) त्याच वर्षी जाहिरात क्षेत्रातल्या मंडळींना हाताशी धरून मोहीम काढली. पहिली पोस्टर्स चक्क दरडावणारी होती. तुमचा निष्काळजीपणा म्हणजे शत्रूचं गुप्त शस्त्र, असा त्यांचा सूर.

१९४४ मध्ये डिस्नेनं आपलं बांबी हे पाडस पोस्टरसाठी वापरू दिलं, पण वर्षभराच्याच बोलीवर. पाडस लोकांना भावलं. दटावण्यापेक्षा गोंडस प्राणी बरा, हे उमगल्यावर वनसेवेला स्वतःचा, उसना नसलेला प्राणी हवा झाला. ९ ऑगस्ट १९४४ रोजी अस्वलावर शिक्कामोर्तब झालं. अल्बर्ट स्टेली यांच्या पहिल्या चित्रात ते शेकोटीवर बादलीनं पाणी ओतताना दिसतं. ‘फक्त तुम्हीच जंगलातले वणवे रोखू शकता’ हे प्रसिद्ध वाक्य १९४७ चं.

खरंखुरं अस्वल त्यानंतर आलं. मे १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कॅपिटान डोंगररांगेत मोठा वणवा पेटला. आग विझवणाऱ्यांना तिथे अस्वलाचं एक पिल्लू सापडलं. जीव वाचवायला ते झाडावर चढलं होतं. तळवे आणि मागचे पाय भाजले होते. विमानानं सांता फेला नेऊन त्याच्यावर उपचार झाले. बातमी देशभर पसरली, पिल्लाचं नाव स्मोकी ठेवलं गेलं आणि त्याची रवानगी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात झाली. जाहिरातवाल्यांना याहून चांगली कथा रचूनही सुचली नसती.

१९५२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून स्मोकीचं चित्र आणि नाव वापरण्यावर नियंत्रण आणलं. परवान्यांचे पैसे वणवा प्रतिबंधाच्या प्रचाराला मिळू लागले. मुलांची पत्रं इतकी येऊ लागली, की १९६४ मध्ये टपाल खात्यानं त्याला स्वतंत्र पिनकोड दिला: २०२५२. प्राणिसंग्रहालयातलं अस्वल १९७६ मध्ये गेलं. त्याला कॅपिटानलाच पुरलं.

टीकाही झाली, आणि ती अगदीच गैरलागू नाही. प्रत्येक आग म्हणजे संकट, हा समज स्मोकीनं पिढ्यान्‌पिढ्या घट्ट केला. पण जायंट सेक्वियासारख्या झाडाची बोंडं आगीच्या उष्णतेनं उकलून बी मोकळं होतं. मूळ रहिवासी जमाती तर शतकानुशतकं जाणूनबुजून छोट्या आगी लावत आल्या होत्या. त्या बंद पडल्यावर झुडपं आणि पालापाचोळा साचत गेला, मोठ्या वणव्यांना सरपण मिळालं. मात्र सगळं खापर अस्वलावर फोडणं अन्यायाचं होईल. दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायचीच, हा वनसेवेचा हुकूम १९३५ चा, म्हणजे स्मोकीच्याही आधीचा. तो १९७८ मध्ये रद्द झाला.

आता वनसेवा स्वतःच ठरवून, हवामान बघून जंगलात नियंत्रित आग लावते. २००१ मध्ये घोषवाक्यातले ‘जंगलातले वणवे’ जाऊन नुसते ‘वणवे’ आले, कारण गवताळ माळ आणि झुडपी रानही पेटतंच. अमेरिकेतल्या साधारण ८५ टक्के वणव्यांमागे माणूस असतो. कुणी शेकोटी धुमसती ठेवून निघून जातो, कुणी भर वाऱ्यात कचरा पेटवतो, कुणाच्या गाडीमागे लोंबणारी साखळी रस्त्यावर घासून ठिणग्या उडतात.